प्रस्तावना : रंग बदलतानाचे फोन

लांबून पाहिला तर हा फोन हस्तिदंती वाटतो. जवळ गेलं की पाठीवरून खाली उतरणारा हिरवा पट्टा दिसतो, मग त्या पट्ट्याच्या कडेने फुटलेल्या बारीक शिरा दिसतात. डायलभोवती तर दोन्ही रंग असे गुंतलेत, की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. जुन्या खतावण्यांच्या पुठ्ठ्यांवर मार्बलचा कागद चिकटवलेला असे, त्याची आठवण यावी अशी ही नक्षी. कागदावरची नक्षी कारागीर मुद्दाम काढतो. इथे कुणी काही काढलेलं नाही, कवच डायमधून, म्हणजे साच्यातून, बाहेर पडलं तेच असं. फोन अमेरिकन, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या ५०० क्रमांकाच्या मॉडेलचा. कंपनीच्या रंगांच्या यादीत हिरवा होता, हस्तिदंती होता. दोन्ही एकात मिसळलेला असा रंग त्या यादीत नव्हता.

हे पुस्तक अशा फोनांविषयी आहे. अमेरिकेतले संग्राहक त्यांना ‘स्वर्ल’ म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरला आहे. टेलिफोनवर लिहिणारे बहुतेक जण तारखात्यातले किंवा इलेक्ट्रॉनिक्समधले असतात. माझी नोकरी भोसरीच्या मोल्डिंग शॉपमध्ये झाली, त्यामुळे मी या विषयाकडे प्लॅस्टिकच्या वाटेने आलो. आतली घंटा, डायल, तारा यांची माहिती मला नंतर करून घ्यावी लागली. कवचावरच्या रेषा मात्र पहिल्या नजरेतच ओळखू आल्या. अशा रेषांचे तुकडे मी आयुष्यभर भंगाराच्या पोत्यात टाकत आणि टाकायला सांगत आलो होतो.

आधी फोनविषयी. अमेरिकेतली टेलिफोन सेवा त्या काळी जवळजवळ सगळी बेल सिस्टिमच्या हातात होती आणि तिच्यासाठी फोन बनवायची वेस्टर्न इलेक्ट्रिक. १९३७ मध्ये तिने ३०२ हे मॉडेल काढलं. त्याचं रूप ठरवण्यात हेन्री ड्रायफस या डिझायनरचा हात होता. सुरुवातीचं कवच जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असे. १९४० नंतर युद्धासाठी धातू लागू लागला आणि कवच प्लॅस्टिकचं झालं. पुढे १९४९-५० मध्ये ड्रायफस आणि बेल प्रयोगशाळेचे इंजिनिअर यांनी मिळून ५०० हे मॉडेल आणलं. हाताला बसणारा हॅन्डसेट, भोकांच्या आत असणारे आकडे उचलून चकतीच्या बाहेर आणून ठेवलेले. आकडे बाहेर गेल्यावर लोकांचं डायल फिरवणं मंदावलं, तेव्हा बेलमधल्या जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाने प्रत्येक भोकाखाली एक पांढरा ठिपका द्यायला सुचवलं. बोटाला नेम धरायला जागा मिळाली आणि वेग परत आला. १९५४ पासून हा फोन रंगीत मिळू लागला. रंगीत हवा असेल तर एकदाच काही जादा रक्कम भरावी लागे.

कोट्यवधी फोन, सगळे सारखे. इंडियानापोलिसच्या कारखान्यातून निघालेला लाल आणि दोन वर्षांनी निघालेला लाल शेजारी ठेवले तर फरक दिसता कामा नये, अशी ती शिस्त होती. तिला कारणही होतं. फोन गिऱ्हाइकाच्या मालकीचा नव्हताच, तो भाड्याने दिलेला असे. बिघडला की परत येई, दुरुस्तीच्या शॉपमध्ये उघडला जाई, एकाचं कवच दुसऱ्याच्या तळावर बसे आणि पुन्हा कुणाच्या तरी घरी जाई. रंग जुळला नाही तर हा सगळा व्यवहार अडतो.

तर मग स्वर्ल आले कुठून?

त्यासाठी मशीनपाशी उभं राहायला हवं. प्लॅस्टिकचे दाणे हॉपरमधून तापलेल्या बॅरलमध्ये उतरतात, वितळतात, नोझलमधून जोराने डायमध्ये शिरतात. डाय थंड होतो, उघडतो, माल पडतो. हा एक शॉट. आता समजा हिरव्याची ऑर्डर संपली आणि हस्तिदंती सुरू करायचा आहे. हॉपर रिकामा करून पुसून घेता येतो. बॅरलच्या आत मात्र हिरवं मटेरियल भिंतींना, कोपऱ्यांना, नोझलच्या गळ्याशी चिकटलेलं असतं. ते काढायचा साधा उपाय म्हणजे नवं मटेरियल सोडायचं आणि जुनं त्याच्या रेट्याने बाहेर ढकलायचं. याला शॉपमध्ये परजिंग म्हणतात. बरंचसं परजिंग नोझल मागे घेऊन हवेत सोडलं जातं. त्याचे गरम लोळे जमिनीवर पडतात, थिजून दगडासारखे घट्ट होतात. बॅरल बऱ्यापैकी साफ झालं असं वाटलं की मग डायमध्ये शॉट मारायला लागतात आणि तेव्हाच कळतं की अजून साफ झालेलं नाही. पहिल्या शॉटला जाड पट्टे, मग कमी, मग नुसत्या शिरा, मग एखाद्या कोपऱ्यात सावली, आणि त्यानंतर स्वच्छ माल. या मधल्या काळात पडलेले तुकडे आकाराने निर्दोष असतात, फक्त रंगाने नापास. तर स्वर्ल म्हणजे रंग बदलतानाचा माल.

त्या काळच्या मशीनमुळे नक्षी आणखी खुलली. आज बॅरलमध्ये फिरता स्क्रू असतो, तो मटेरियल मळून काढतो. १९५० च्या दशकातली बहुतेक मशिनं प्लंजरची होती, म्हणजे आत एक दट्ट्या, जो मटेरियल नुसतं पुढे ढकलतो. दट्ट्या मळत नाही. दोन रंग एकमेकांशेजारून सरकत डायमध्ये पोचतात आणि तसेच थिजतात. याचा फायदा घेऊन त्या काळी कंगवे, खेळणी, भिंतीच्या टाइल्स मुद्दाम ठिपकेदार आणि नागमोडी करत. स्क्रूची मशिनं रुळल्यावर अशी नक्षी आपोआप मिळेनाशी झाली.

रंगांच्या क्रमाचीही एक गंमत आहे, ती इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे छायाचित्रं पाहताना ती उपयोगी पडेल. कुठलाही शहाणा सुपरवायझर फिकटाकडून गडदाकडे जातो. आधी पांढरा, मग हस्तिदंती, मग बेज, मग हिरवा, शेवटी काळा. फिकटाचे अवशेष गडदात लपून जातात. उलट जायचं झालं, काळ्यावरून पांढऱ्यावर, तर शिफ्ट संपत येते तरी काळे डाग येत राहतात. म्हणून हस्तिदंती अंगावर गडद शिरा असलेला फोन हाती आला की मला त्यात घाईची ऑर्डर दिसते. कुणाला तरी नियम मोडून गडदाकडून फिकटाकडे यावं लागलं. उलट गडद अंगात फिकट धूसर ढग असतील तर तो नेहमीच्या दिवसाचा माल. बाजारात दोन्हींची किंमत सारखीच सांगतात. मला पहिला प्रकार अधिक मोलाचा वाटतो.

नापास मालाची शॉपमध्ये एकच गत असते. तो ग्राइंडरमध्ये जातो, चुरा होतो आणि रिग्राइंड म्हणून पुन्हा वापरला जातो. मिश्र रंगाच्या चुऱ्याचा कुठलाच रंग नीट होत नाही, म्हणून तो काळ्यात घालतात. आमच्याकडे तरी सगळे रंग शेवटी काळ्यातच जात. एखादा हिरवा-हस्तिदंती तुकडा ग्राइंडरपासून वाचतो, तो कुणी तरी बाजूला काढून ठेवतं तेव्हाच.

आणि इथे मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती येते. ५०० मॉडेलचं कवच एका डायमध्ये होतं, हॅन्डसेटची दांडी दुसऱ्यात. बोलायच्या आणि ऐकायच्या बाजूची गोल झाकणं आणखी वेगळ्या डायमधली. कवच एकटंच स्वर्ल असेल तर म्हणता येईल, की तपासणीत नजरचूक झाली. पण ज्या फोनचं कवच, दांडी आणि दोन्ही झाकणं सगळंच मिसळलेल्या रंगाचं आहे, तो नजरचुकीने बनत नाही. वेगवेगळ्या मशिनांवर रंग बदलताना पडलेले तुकडे कुणी तरी पाहिले, निवडले, जपून ठेवले आणि मग एका तळावर जुळवले. त्या माणसाचं नाव फोनवर कुठे नसतं. पण त्याने काय निवडलं ते समोर दिसतं. हिरव्या-हस्तिदंती कवचावर त्याने हिरवीच झाकणं बसवली नाहीत, शिरा असलेली शोधली. दांडीवरचा पट्टा उजव्या बाजूला आहे आणि हॅन्डसेट जागेवर ठेवला की तो कवचावरच्या पट्ट्याच्या रेषेत येतो. हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही. ज्या कारखान्याचं सगळं कसब एकसारखेपणात होतं, तिथल्याच कुणाला तरी त्या एकसारखेपणाच्या फटीतून पडलेली वस्तू सुंदर वाटली. माझा संग्रह त्या नजरेखातर आहे.

अशा फोनला रीतसर घर मिळणं शक्य नव्हतं. कंपनीचा फोन कंपनीच्या मालकीचा, तसं त्यावर छापलेलंही असे. १९८४ मध्ये बेल सिस्टिमचे तुकडे झाले, त्याच्या आगेमागे लोकांना घरातले फोन विकत घेता येऊ लागले आणि जुने फोन मोकळेपणाने बाजारात फिरू लागले. संग्राहकांची एक संस्था त्याआधीपासून होतीच, दुसरी नंतर निघाली. अँटिक टेलिफोन कलेक्टर्स असोसिएशन १९७१ पासूनची, टेलिफोन कलेक्टर्स इंटरनॅशनल १९८६ मधली. सुरुवातीला त्यांचा ओढा लाकडी भिंतफोन आणि पितळी फोनांकडे होता. प्लॅस्टिककडे नजर वळायला वेळ लागला.

मिसळलेल्या रंगाचं प्लॅस्टिक टेलिफोनच्या जगात याहून जुनंही आहे, पण त्याची जात वेगळी. बेकेलाइट हे लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलं. त्याचं रेझिनच गडद, त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला. म्हणून ते काळं किंवा तपकिरी. दोन छटांची पूड तापल्या साच्यात दाबली की अक्रोडाच्या लाकडासारखे ढग उठत. त्या काळचे रेडिओ पाहिलेत तर ही नक्षी ओळखू येईल. वेल्स कोट्सने १९३४ मध्ये एकोसाठी केलेला गोल रेडिओ काळ्याप्रमाणे अक्रोडी छटेतही मिळायचा. बेकेलाइट एकदा थिजलं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याचं रिग्राइंड नाही. तिथली नक्षी ठरवून केलेली, स्वर्लची न ठरवता आलेली. हा फरक मी सोडायला तयार नाही, म्हणून बेकेलाइटचे फोन या पुस्तकात थोडेच आहेत. ब्रिटिश पोस्ट खात्याचा ३०० मालिकेतला जेड हिरवा फोन मला फार आवडतो, संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. पण त्याचा रंग एकसंध आहे, त्याला इथे जागा नाही.

आता ओळख कशी पटवायची. स्वर्लला चांगली किंमत येऊ लागल्यापासून नकली माल निघाला. साध्या कवचावर रंग चढवलेले असतात, पाण्यावर तरंगणारी रंगीत फिल्म कवचावर गुंडाळलेली असते, रेझिन ओतून केलेल्या प्रती असतात. खरा स्वर्ल तपासायचा तर कवच उलटं करून आत पाहा. रंग मटेरियलमध्येच असल्यामुळे शिरा आतल्या बाजूलाही दिसतात, बाहेरच्याच जागी नव्हे पण त्याच वाहण्याच्या दिशेने. दुसरी खूण म्हणजे ही दिशा. मटेरियल ज्या जागेतून डायमध्ये शिरतं त्या गेटपासून रेषा पंख्यासारख्या पसरतात, भोकाला वळसा घालतात आणि पलीकडे पुन्हा भेटतात, तिथे एक सांधा राहतो. रंगवलेल्या नक्षीला हे कळत नाही. ती भोकाच्या कडेवरून सरळ निघून जाते. तिसरी खूण तारखांची. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या बहुतेक सुट्या भागांवर महिना आणि वर्ष असतं, शाईने उमटवलेलं किंवा साच्यातच कोरलेलं. कवच, दांडी, झाकणं, तळ, डायल यांच्या तारखा जवळजवळच्या असतील तर फोन एकत्र जन्मला असं समजावं. आणि कवचावर जे दोन रंग दिसतात ते त्या तारखेला कारखान्यात असायला हवेत. त्या तारखेपर्यंत ज्या रंगाचा जन्मच झालेला नाही तो रंग शिरेत दिसला, की पुढे बोलणं नको.

तारखेवरून प्लॅस्टिकही कळतं. सुरुवातीचे रंगीत फोन टेनाइटचे. हे टेनेसीतल्या किंग्जपोर्टच्या ईस्टमन कारखान्याचं, लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून केलेलं. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कडक एबीएस आलं. टेनाइट हाताला मऊ, थोडं मेणचट लागतं. पॉलिश पेपरने घासलं तर खवट तुपाचा वास येतो आणि तो येणारच, कारण त्यातलं ब्युटिरिक आम्ल आणि खवट लोण्यातलं आम्ल एकच. जुनं टेनाइट आकसतं. खाली बसवलेला धातूचा तळ आकसत नाही, म्हणून कवच तणावाखाली येतं आणि कोपऱ्याशी फटतं. असा फोन घट्ट स्क्रू पिळून कधीही ठेवू नये.

साफसफाईच्या बाबतीत माझं मत अनेकांना पटत नाही. साधा रंगीत फोन पिवळा पडला की संग्राहक पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने वरचा थर काढतात, आधी खरखरीत, मग बारीक, शेवटी दोन हजार नंबरचा, आणि पॉलिश करून तुकतुकीत करतात. एकसंध रंगाला हे चालतं, कारण खाली तोच रंग आहे. स्वर्लमध्ये शिरा पृष्ठभागाशी तिरप्या जातात. थर निघाला की शिरा सरकते, रुंदावते, कधी नाहीशीच होते. त्या सकाळी डायमधून जे निघालं ते राहत नाही, तुम्ही नवीनच नक्षी उघडी करता. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा काढायची युक्तीही इथे नको, कारण दोन रंगद्रव्यं तिला सारखी दाद देत नाहीत. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, बस. थिनर आणि अ‍ॅसिटोन तर टेनाइट आणि एबीएस दोघांनाही विरघळवतात. आणि खिडकीत ऊन येत असेल तर फोन तिथे ठेवू नका. मूळ रंग कसा होता ते बघायचं असेल तर हॅन्डसेट उचला. तो ज्यावर बसतो त्या पाळण्यात, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे तो अजून आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परकं वाटेल का, याचा मी विचार केला. आपला डायलचा फोन म्हणजे बहुधा बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा. हा कारखाना १९४८ चा. त्याचा काळा फोन, त्यावरचं विणलेलं आच्छादन, परक्या माणसाने ट्रंक कॉल लावू नये म्हणून डायलच्या भोकात अडकवलेलं छोटं कुलूप, आणि लेटरहेडवर शेजाऱ्याच्या नंबरापुढे लिहिलेलं ‘पी.पी.’, हे माझ्या पिढीने पाहिलंय. वर्षानुवर्षं यादीत नाव राहून फोन मिळे, तेव्हा रंग निवडायचा प्रश्न क्वचितच आला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात आजही डायलचे फोन मिळतात. त्यांतले चकचकीत पितळी बरेचसे नवे आहेत, जुने म्हणून विकायला केलेले. घेणाऱ्याने तिथे काळा आयटीआयच घ्यावा, तो खरा असतो. मिसळलेल्या रंगाचं कौतुक मात्र आपल्याला नवं नाही. आपल्याकडे इबोनाइटच्या पेनांवरच्या लाटा पाहून पेन निवडणारे लोक होते आणि आहेत. त्यांना या फोनांची गोडी समजावून सांगावी लागणार नाही.

फोन नुसता शोभेचा ठेवायचा की चालता, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी चालता ठेवतो. डायल सोडली की आतला गव्हर्नर तिला एका वेगाने परत आणतो आणि सर्किट सेकंदाला दहा वेळा तुटतं. एकासाठी एक ठोका, नवासाठी नऊ, शून्यासाठी दहा. अमेरिकेत १९४७ मध्ये शहरांना क्रमांक देताना मोठ्या शहरांना कमी ठोक्यांचे क्रमांक दिले. न्यूयॉर्कला २१२, लॉस एंजेलिसला २१३, शिकागोला ३१२. बोटाचा वेळ वाचवायचा इतका विचार तेव्हा झाला होता. आजच्या फायबरच्या मोडेमना बहुधा हे ठोके कळत नाहीत, मध्ये एक छोटं कन्व्हर्टर बसवावं लागतं. घंटेला ९० व्होल्टचा, २० हर्ट्झचा करंट लागतो. तो कमी पडला तर घंटा घुसमटते, त्याची उकल एका स्वतंत्र प्रकरणात दिली आहे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी दोन शब्द. फोन कंपनीनुसार किंवा वर्षानुसार लावलेले नाहीत, रंगांच्या जोडीनुसार लावले आहेत, आणि प्रत्येक जोडीत फिकटाकडून गडदाकडे गेलेले आधी, गडदाकडून फिकटाकडे आलेले नंतर. प्रत्येक फोनचं एक छायाचित्र बाहेरून आहे आणि एक कवच उलटं करून आतून. आतल्या चित्रात तारीख, गेटची खूण आणि शिरांची दिशा एकत्र दिसते. बाहेरच्या चित्रांवर आधी नजर जाईल हे मला माहीत आहे, ती सुंदर आहेत. तरी माझी विनंती आहे, की प्रत्येक पानावर आतलं चित्र आधी पाहावं, मटेरियल कुठून शिरलं ते शोधावं आणि मग बाहेरच्या चित्रात ती रेष कुठवर जाते ते बघावं.